बोट दाखवू नकोस

परवा दुपारी लेक मागच्या गार्डनमधून, कोर्जेटच्या (तिकडे तुम्ही झुकिनी म्हणता ती) झाडापाशून ओरडली, "आई, हे बघ अजून एक बेबी आलं!" आणि मी हातातली कढई तशीच नळाखाली धरून खिडकीतून तिच्यापेक्षा मोठ्यांदा ओरडले, "बोट दाखवू नकोस त्याला! कुजेल!"

ती आठ वर्षांची आहे, जन्मली इंग्लंडात, शाळेत तिला सगळ्याचं कारण विचारायला शिकवतात. "का कुजेल?" मी म्हटलं, असंच असतं, बोट वाकडं करून दाखव. आता ती वाकड्या बोटाने दाखवते. कारण अजून मिळालेलं नाही तिला.

आपल्याकडे हे कुणाला समजवायला लागत नाही. राजापूरला आजीच्या परसात पावसाळ्यात मांडव असायचा, काकडी, पडवळ, दोडकी, एका कोपऱ्यात दुधी. आम्ही मुलं मांडवाखाली शिरलो की आजी घरातूनच हाक द्यायची, बोटं दाखवू नका रे कुणी. कोवळ्या काकडीकडे बोट केलं की ती पिवळी पडते, मान टाकते आणि गळते. चुकून झालंच तर बोट वाकवायचं. मोठ्या झालेल्या काकडीला मात्र खुशाल दाखवा, तिला काही होत नाही, हे कसं काय असा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. पडवळाच्या टोकाला सुतळीने दगड बांधायचं काम मात्र आमचं असायचं, नाहीतर ते वाकडंतिकडं वळत जातं. दगड फार जड झाला तर पडवळच तुटतं, तेव्हा कुणीही बोटाला दोष देत नसे, सरळ ज्याने दगड बांधला त्याच्या पाठीत धपाटा.

त्या मांडवावरच्या फुलांच्या शिफ्ट असायच्या हे मला फार नंतर कळलं. काकडीची फुलं सकाळी, दोडक्याची संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमाराला, पडवळाची पांढरी झिरमिळ्यांची फुलं रात्री. म्हणजे कुणाकडे मधमाशी येणार, कुणाकडे पतंग. आणि आषाढात चार चार दिवस झड लागली की कुणाकडेच कुणी येत नाही. फुलामागचं करंगळीएवढं फळ वाट बघतं आणि गळून जातं. ज्या फळांकडे पोरं बोट दाखवतात ती नेमकी हीच, नुकती दिसायला लागलेली, अजून धड ठरलेली नसलेली. त्यातली निम्मी तशीही गळणार असतात. आरोपी आयता मिळतो.

तर आमच्याकडे मांडव नाही. पिवळ्या कोर्जेटची दोन झाडं आहेत. वेल नाहीच, जागच्या जागी पसरणारं झुडूप, पण एकेक झाड मीटरभर जागा अडवून बसतं, शेजारच्या मेथीवर पान टाकून तिचा जीव घेतं. बी एप्रिलमध्ये घरातच खिडकीत, छोट्या कुंडीत आडवं न ठेवता धारेवर उभं खोचायचं, म्हणजे कुजत नाही. बाहेर काढायचं ते मेच्या शेवटी, पहाटेचं दव गोठायचं थांबल्यावर. मग पहिले पंधरा दिवस गोगलगायींशी लढाई, आणि त्या सगळ्या शंखाच्या नसतात, बऱ्याचशा नुसत्या लिबलिबीत स्लग, रात्री टॉर्च घेऊन वेचाव्या लागतात. नवरा म्हणतो लोक सुट्टीत ट्रेकिंगला जातात.

पिवळीच का, तर हिरवी दिसत नाही. खरंच दिसत नाही. पानं ही एवढी मोठी, देठांना बारीक काटेरी लव, हात घातला की कोपरापर्यंत खाज, त्यामुळे नीट शोधायचा कंटाळा येतो आणि आज वीतभर असलेली हिरवी कोर्जेट पाचसहा दिवसांनी तान्ह्या बाळाएवढी होऊन पानाखालून आपल्याकडे बघत असते. इंग्रज लोकांना त्याचं कौतुक, ते त्याला मॅरो म्हणतात आणि गावच्या प्रदर्शनात वजन करून बक्षिसं देतात. मला बक्षीस नको, भाजी हवी. पिवळी धम्मक असली की किचनमधून दिसते.

पण या पिवळ्या रंगाने आजीच्या शास्त्राची पंचाईत केली आहे. काकडी काय, हिरवी कोर्जेट काय, फळ पिवळं पडलं की समजायचं, गेलं. हिचं फळ फूल उमलायच्या आधीपासूनच पिवळं. हा पिवळेपणा मुळात शोभेच्या भोपळ्यातला, ओव्हेड शिफ्रिस नावाच्या शास्त्रज्ञाने त्यामागचा जीन शोधून खाण्याच्या जातींत आणला आणि 1980 साली 'गोल्ड रश' नावाच्या पिवळ्या कोर्जेटला अमेरिकेत ऑल-अमेरिका सिलेक्शन्स या नवे वाण पारखणाऱ्या संस्थेचं बक्षीसही मिळालं. शास्त्रज्ञांचं ठीक आहे, पण मला रोज सकाळी वाकून बघावं लागतं की हे पिवळं म्हणजे तब्येतीचं पिवळं की कावीळ. आता जमायला लागलंय. गेलेल्या फळाची चमक जाते, टोक मऊ पडतं, आणि सुकलेलं फूल हलकेच ओढलं की सोबत टोकाचा गिळगिळीत तुकडाही हातात येतो. टिकणाऱ्या फळाचं फूल सुकून आपसूक सुटतं, खाली स्वच्छ गोल ठसा राहतो.

आणि पानांवरचे ते चंदेरी ठिपके म्हणजे भुरी (पांढरी बुरशी) नव्हे, या झाडाची पानंच तशी असतात. हे मी आईला व्हिडिओ कॉलवर किती वेळा सांगितलं तरी ती ताक फवार म्हणते. खरी भुरी ऑगस्टअखेरीला येतेच, तेव्हा मी फवारते, पण तिला सांगत नाही.

फुलं सकाळी उमलतात आणि ऊन वर आलं की मिटतात, संपलं, दुसऱ्या दिवशी तेच फूल पुन्हा नाही. नर फुलाचा देठ लांब आणि बारीक, मादी फुलामागे ते बेबी. पावसाची सकाळ असली की मी नर फूल तोडते, पाकळ्या सोलून काढते आणि उरलेला दांडा मादी फुलात फिरवते, गाऊनवर, छत्री मानेत धरून. शेजारच्या आजीबाई कुंपणावरून गुड मॉर्निंग म्हणतात, त्या फार सभ्य आहेत, काही विचारत नाहीत. उन्हाची सकाळ असली तर हे सगळं भुंगेच करतात. इथले भुंगे गुबगुबीत, केसाळ, फुलात शिरले की बाहेर पडायची घाई नाही. कधीकधी फूल मिटतं आणि हा आतच. आपल्या कवींनी त्याला कमळात कोंडून किती अश्रू ढाळले, याला कमळ परवडलं नाही, तो कोर्जेटमध्ये झोपतो. म्हणून भज्यांसाठी फूल तोडलं की आधी उघडून बघायचं. डाळीच्या पिठात थोडं तांदळाचं पीठ, हिंग, ओवा, तिखट. नर फुलांचीच करायची, त्यांचं नाहीतरी काम झालेलं असतं. नवऱ्याने या वाक्यावर एकदा माझ्याकडे बघितलं होतं.

आता चवीचं म्हणाल तर कोर्जेटला चव नाही. असं लिहिलं की काहीजण ऑलिव्ह ऑइल आणि लसूण घेऊन अंगावर येतात, पण ती चव ऑलिव्ह ऑइलची आणि लसणाची. हरभऱ्याची डाळ भिजवून घातली की दुधीसारखी बरी लागते, थालीपिठात किसून घातली की मुलीला कळत नाही. 2017 च्या जानेवारीत स्पेनमध्ये हवामान बिघडलं आणि इथल्या दुकानांत कोर्जेट मिळेनाशी झाली, पेपरात बातम्या आल्या, लोक हळहळले. मला तेव्हा आश्चर्य वाटलं होतं. आता स्वतः लावल्यावरही वाटतं. मग लावतेस कशाला, तर लवकर येते, आठवड्याला ढीगभर येते आणि इथल्या तीन महिन्यांच्या उन्हाळ्यात पडवळ येत नाही.

नजरेतून सुटलीच एखादी आणि मॅरो झाली तर मात्र मला आनंद होतो, कारण मग धोंडस. आजी तवशाचं करायची, पिकलेली जून काकडी किसून, तांदळाचा रवा, गूळ, खाली हळदीचं पान, वर-खाली निखारे. मी ओव्हनमध्ये करते. पाणी फार सुटतं, किसून पिळून घ्यावं लागतं, आणि हळदीचं पान नाही म्हणजे अर्धं धोंडस नाही. पण खमंग कड निघते तेव्हा लेक ताटलीभर खाते आणि त्याला केक म्हणते, म्हणू दे.

गेल्या रविवारी आई म्हणाली, एक चांगली बघून बियाला ठेव. मी म्हटलं, नको. हे बी हायब्रिड, आणि दोन घरं पलीकडे शोभेचे भोपळे लावलेत, भुंगा तिकडून इकडे येतो, पुढच्या वर्षीची कोर्जेट कडूजहर निघू शकते. साधी गोष्ट नाही, जर्मनीत 2015 साली घरच्या बागेतली कडू झुकिनी खाऊन एक म्हातारे गृहस्थ गेले, तो कडूपणा शिजवूनही जात नाही.

"आमच्या मांडवावर सगळं एकत्र असायचं," आई म्हणाली. "कोण मेलं?"

मी सांगायला लागले की दुधी, पडवळ, काकडी या वेगळ्या जाती, त्यांचा एकमेकींशी संकर होत नाही, ही कोर्जेट आणि ते शोभेचे भोपळे एकाच जातीचे म्हणून. आणि आजी तरी काकडीचं टोक कापून, फेस येईपर्यंत घासून, फोड चाखल्याशिवाय कोशिंबिरीला घ्यायची का? दुधीसुद्धा चाखायची. मीही चाखते, प्रत्येक कोर्जेटचा तुकडा, कच्चा, कडू लागला तर थुंकून सगळी फेकायची, कितीही कष्टाची असली तरी.

आईला एवढं सगळं नको होतं. "मग बी आणतेस कुठून?"

विकत. दहाएक बिया, तीनेक पाऊंड.

तिने मनात हिशोब केला, मला दिसला.

"भोपळ्याचं बी? विकत?" म्हणाली आणि फोन बाबांकडे दिला. बाबांनी विचारलं, पाऊस काय म्हणतो.