दुपारचं सॅम्पल

संध्याकाळी पाचनंतर मी दिवसभराचे रिपोर्ट तपासून सोडते. त्या दिवशी 36 वर्षांच्या एका पेशंटचा रिपोर्ट उघडला आणि आधी बरंच वाटलं. 12 वर्षं अँकायलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे कण्याचा दाहक संधिवात. सहा महिन्यांपूर्वी त्यांचं सीटीएक्स 780 होतं, आता 310. हाड विरघळताना कोलॅजनचे जे तुकडे रक्तात उतरतात, त्यांचं हे मोजमाप. मधल्या काळात हाडांसाठी आठवड्याची गोळी सुरू झालेली. गोळी लागू पडली, असंच कुणीही म्हणेल.

सही करणार तेवढ्यात खालची ओळ दिसली. पीवनएनपी तेव्हा 74, आता 72.

हे जुळेना. पीवनएनपी नवं हाड घडण्याचा वेग सांगतं. या गोळ्यांनी हाडाचं विरघळणं आवरलं, की काही महिन्यांत घडणंही मंदावतं. दोन्ही आकडे मागेपुढे उतरतात. एक निम्म्याहून खाली यावा आणि दुसरा जागचा हलू नये, हे मला पटेना.

मग सॅम्पल घेतल्याच्या वेळा काढल्या. पहिलं सकाळी 7.50 चं, दुसरं दुपारी 3.10 चं, जेवणानंतरचं. सीटीएक्स पहाटे चढलेलं असतं, दुपारपर्यंत उतरतं आणि पोटात अन्न गेलं की आणखी उतरतं. पीवनएनपीला वेळेचा आणि जेवणाचा फारसा फरक पडत नाही. रिपोर्ट रोखून ठेवला आणि त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी बोलावलं.

ते आले तेव्हा रक्त घ्यायला मी स्वतः बसले. सुई टोचताना त्यांना हाताकडे बघायचं होतं, पण मान वळत नव्हती. खुर्चीतल्या खुर्चीत त्यांनी अख्खं धड वळवलं. रिपोर्टवर ही गोष्ट कुठेच नसते.

"गोळी कशी घेता?" मी सहज विचारलं.

"मॅडम, सकाळी तासभर कंबर लाकडासारखी असते. गोळी घेऊन अर्धा तास ताठ बसायला सांगितलंय, ते जमतच नाही. नाश्ता झाला, अंग जरा मोकळं झालं, की दुधाबरोबर घेतो. पण एकही चुकवली नाही हं."

मला चर्रकन झालं. ही गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घेतली तरी जेमतेम एक टक्क्याच्या आतच अंगी लागते. नाश्ता आणि दुधातलं कॅल्शियम सोबत असल्यावर काय उरणार? माणूस सहा महिने इमानेइतबारे औषध घेत होता आणि ते वाया जात होतं. सकाळचा ताठरपणा हेच या आजाराचं मुख्य लक्षण, तरी त्याच वेळेला ताठ बसायला लावणारं औषध दिलं गेलं आणि कुणाच्या ध्यानातही आलं नाही. माझ्याही नाही.

जाता जाता त्यांनी विचारलं, "कणा किती जुळलाय ते रक्तात कळतं का?"

खरं ते सांगितलं. नाही कळत. या आजारात मणक्यांच्या आतलं हाड विरळ होत जातं, तर कडेला नव्या हाडाचे पूल वाढून मणके एकमेकांना जोडले जातात. रक्तातला आकडा सगळ्या सांगाड्याची बेरीज दाखवतो, जागा दाखवत नाही. स्क्लेरोस्टिन, डीकेके-वन अशा प्रथिनांवर संशोधन चालू आहे, पण जुळणं बघायचं तर आजही एक्स-रेच लागतो. त्यांचा सीआरपी, म्हणजे रक्तातला दाहाचा आकडा, 3 होता, अगदी नॉर्मल. कण्याचा डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, तीही चांगली, कारण ते कडेचे पूलही घनतेत मोजले जातात. विरळपणा उघडा पडला तो खुब्याच्या डेक्सात. असा जुळलेला कणा साध्या पडण्यानेही मोडू शकतो, म्हणून माझा जीव त्या 310 मध्ये अडकला होता.

त्या सकाळचं सीटीएक्स आलं 765.

त्यांच्या डॉक्टरांना लगेच फोन केला. किडनीचं काम आणि ड जीवनसत्त्व तपासून त्यांनी गोळी बंद केली आणि वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं औषध दिलं. आम्ही आमच्या फॉर्मवर सॅम्पलची वेळ आणि शेवटचं खाणं, असे दोन रकाने छापून घेतले.

तीन महिन्यांनी ते पुन्हा आले. वेळ सकाळी 7.55, उपाशीपोटी. सीटीएक्स 190, पीवनएनपी 34. दोन्ही ओळी पुन्हा एकदा वाचल्या आणि सही केली.