आमची वाटचाल : कर तारेवर, मार बोल्टवर

आमचा धंदा बोल्टचा. वायर रॉड, म्हणजे पोलादाची जाड तार, ॲसिडमधून काढून फॉस्फेटचा थर द्यायचा, मापात ओढायचा, कोल्ड हेडर या यंत्रावर न तापवता ठोकून डोकं घडवायचं, मग आटे पाडायला थ्रेड रोलिंग, हीट ट्रीटमेंट, प्लेटिंग. ८.८ ग्रेडचा बोल्ट तुटण्याआधी ८०० मेगापास्कलपर्यंत ताण सोसतो. आमचे आटे कापलेले नाहीत, दाबून घडवलेले आहेत. पोलादाचे तंतू तुटत नाहीत. याचा आम्हाला अभिमान आहे.

बरी वर्षं बरीच गेली. कंबर मोडली ती पोलादावर आयातशुल्क लागलं तेव्हा. हिशेब मांडतो. १०० च्या बोल्टात ६० ची तार. राहिलेल्या ४० मध्ये डाय आणि पंच हे साचे, भट्टी, वीज, पगार. तारेवर २५ टक्के शुल्क लागलं की देशी कारखानाही भाव चढवतो आणि तार ७५ ला पडते. बोल्टवर शुल्क १० टक्केच, म्हणून बाजारात मिळतात ११०. आमचा खर्च ११५! बाहेरच्या बोल्टवाल्याला तार ६० लाच, तो शुल्क भरूनही ११० ला माल टाकतो. याला संरक्षण म्हणायचं?

इंग्रज अर्थतज्ज्ञ रिकार्डोने १८१७ मध्ये कापड आणि वाइन घेऊन खुल्या व्यापाराची बाजू मांडली. जर्मन अर्थतज्ज्ञ लिस्टने १८४१ मध्ये नव्या उद्योगांसाठी संरक्षण मागितलं. पण कच्च्या मालावर शुल्क त्यालाही नको होतं. त्याचं नाव घेऊन तारेवर शुल्क मागणारे हे सांगत नाहीत.

त्या काळात एका जुन्या गिऱ्हाइकाने भाव वाढवून दिला नाही, पण ऑर्डरही तोडली नाही. रोलिंग डायचे पैसे आगाऊ दिले. त्यावर हेडर चालू राहिला.

नव्या मंडळींनी एवढं करावं. मापागणिक, ग्रेडगणिक खर्चाचा तक्ता आजपासून ठेवा. डंपिंगची, म्हणजे परदेशी माल पाडलेल्या भावात इथे ओतल्याची, तक्रार करायची तर देशातल्या किमान २५ टक्के उत्पादनाचा उघड पाठिंबा लागतो. मोजक्या पोलाद कारखान्यांना तो सहज जमतो, विखुरलेल्या बोल्टवाल्यांना नाही. म्हणून संघटना आधी बांधा. बाहेरचा माल स्वस्त आहे एवढ्याने भागत नाही. तो त्याच्या स्वतःच्या देशातल्या बाजारभावापेक्षा कमी दराने निर्यात होतोय, आपलं नुकसान झालंय आणि ते त्याच मालामुळे झालंय, हे तिन्ही दाखवावं लागतं. या दोन भावांतली तफावत २ टक्क्यांच्या आत निघाली तर प्रकरण तिथेच बंद. गेलेल्या ऑर्डरींची पत्रं तारखेसकट जपा. आणि शुल्काची अधिसूचना वाचताना आधी मालाचा शीर्षक क्रमांक (सीमाशुल्काच्या यादीतला) बघा: वायर रॉड ७२१३, बोल्ट ७३१८. पहिल्यावर वाढ आणि दुसऱ्यावर काही नाही असं दिसलं, तर नवे दर त्याच दिवशी गिऱ्हाइकाला कळवा.