कच्च्या खर्ड्यावर शेरे लिहिताना

आजचा दिवस दुसऱ्यांच्या कथांचे कच्चे खर्डे वाचण्यात गेला. पहिलं वाचन पेन लांब ठेवूनच करावं. लक्ष कुठं उडालं तेवढी फक्त पेन्सिलीची खूण. शेरे दुसऱ्या वाचनात. 'मस्त जमलीय' यातून लेखकाला काहीच मिळत नाही. 'पान ३ वर भाऊ का निघून जातो? आईचं बोलणं त्यानं ऐकलं होतं का?' हे कामाचं. वाक्य मात्र आपण लिहून देऊ नये.

एका कथेत सोलापूरच्या पूर्व भागातली विडी कामगार बाई आहे. पानं भिजवणं, पत्र्याचं माप ठेवून कात्रीनं कापणं, तंबाखू भरून वळणं, दोरा बांधणं, सगळं चोख. पण बोलते अग्रलेखासारखी! सोलापुरातली आई पोराला 'तू काय करीत आहेस?' विचारेल की 'काय करायलास रे?' शेरा संवादावर दिलाच, पण जमलेल्या ओळींखालीही रेघ मारली. नाहीतर पुढच्या खर्ड्यात नेमक्या त्याच उडतात.

दुसऱ्या कथेत नायक गड्ड्यावर, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या जत्रेत, घामाघूम. यात्रा संक्रांतीची, ऐन थंडीतली! मिरवणुकीतला उंच, जड नंदीध्वज पेलत असता तर चाललं असतं. हा नुसता पाळण्यापाशी उभा.

शुद्धलेखन सगळ्यात शेवटी. जो परिच्छेदच कापला जाणार, त्याच्या वेलांट्या कशाला सुधारायच्या? आणि मोठे मुद्दे तीनच द्यावेत. वीस दिले की लेखक सोपे तेवढे उरकतो, अवघड तसेच राहतात.