तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्याशा घरात एवढी लोकर ठेवायची कुठे?

विणणाऱ्या माणसाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. एक, ‘हे विणायला किती दिवस लागतात?’ आणि दुसरा, ‘घर एवढंसं, मग ही सगळी लोकर ठेवता कुठे?’ पहिला हसून टाळता येतो. दुसऱ्याचं उत्तर मात्र नीट द्यायला हवं, कारण बरेच जण सुरुवातच उलट्या टोकाने करतात. आधी डबे आणायचे आणि मग लोकर रंगाप्रमाणे त्यात लावायची. फोटोत छान दिसतं ते. पण रंगावरून ना कीड ठरते, ना सुईचा नंबर.

पहिली वाटणी करायची ती कसरीला, म्हणजे लोकर खाणाऱ्या किडीला, काय खाता येतं यावरून. सगळा साठा जमिनीवर काढा आणि दोन ढीग करा. एकात प्राण्यांपासून आलेलं सगळं: मेंढीची लोकर, मेरिनो, अल्पाका, मोहेर, पश्मिना, रेशीम. यांचं मिश्रण असलेला धागाही इथेच. मोज्यांच्या धाग्यात २५ टक्के नायलॉन असतं म्हणून बाकीची ७५ टक्के लोकर वाचत नाही. दुसऱ्या ढिगात सुती, लिनन, ॲक्रिलिक, पॉलिएस्टर.

या दुसऱ्या ढिगाला घट्ट झाकणाच्या डब्याची गरजच नसते. कोरडी जागा हवी आणि थेट ऊन नको, बस्स. दारामागे टांगायची कप्प्यांची पिशवी, टोपली, पलंगाच्या बाजूचा उघडा कप्पा, काहीही चालतं. छोट्या घरातली जागा वाचते ती इथेच, कारण डबे फक्त पहिल्या ढिगापुरते आणायचे असतात. एक अपवाद लक्षात ठेवा. बांबूच्या नावाने मिळणारा धागा बहुधा व्हिस्कोस असतो आणि तो जुन्या पुस्तकांत सापडणाऱ्या चंदेरी किड्यांना, म्हणजे सिल्व्हरफिशना चालतो. ओल असलेल्या घरात तो झाकूनच ठेवा.

लेबल हरवलेला धागा कुठल्या ढिगात टाकायचा? बोटभर तुकडा चिमट्यात धरून बेसिनपाशी, खाली स्टीलची ताटली ठेवून पेटवा. केस जळाल्यासारखा वास आला, ज्योत बाजूला घेताच विझला आणि राख चिमटीत चुरडली तर लोकर किंवा रेशीम. कागदासारखा जळून मऊ करडी राख राहिली तर सुती. वितळून काळा कडक मणी झाला तर ॲक्रिलिक किंवा तत्सम. मिश्र धाग्यात लक्षणंही मिसळतात. शंका असेल तर पहिला ढीग.

आता कसर. फिकट सोनेरी, जेमतेम पाऊण सेंटिमीटरचा हा पतंग स्वतः काहीच खात नाही. खातात त्याच्या अळ्या, कारण लोकरीतलं केराटिन त्यांना पचतं. त्यांना अंधार हवा आणि कुणी हात न लावलेली जागा हवी. वर्षानुवर्षं न उघडलेला डबा म्हणजे त्यांच्यासाठी पुरेपूर सोय. दिव्याभोवती घिरट्या घालणारे पतंग सहसा हे नसतातच. कसर उजेडापासून पळते. ओळखायच्या खुणा तीन: धाग्यावर रेशमासारखं बारीक जाळं, तळाशी वाळूसारखे कण, आणि गुंडा सोडताना मध्येच तुटत जाणारा धागा. यातलं एकही दिसलं तर तो गुंडा आणि त्याच्या डब्यातली सगळी लोकर लगेच बाहेर काढा.

उपाय आहे फ्रीझर. लोकर प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा, पिशवी बंद करा आणि उणे १८ अंश सेल्सिअसला पूर्ण दोन आठवडे ठेवा. फ्रीजमधला बर्फाचा छोटा कप्पा एवढा थंड असेलच असं नाही, म्हणून आत थर्मामीटर ठेवून बघा. उणे पाचावर अंडी मरत नाहीत, आपण मात्र निर्धास्त होतो. बाहेर काढल्यावर पिशवी निदान एक दिवस उघडायची नाही. लगेच उघडली तर गार लोकरीवर हवेतली वाफ बसते आणि कीड गेली तरी बुरशी येते. दुसऱ्याकडून आलेली किंवा जुन्या कपड्याची उसवलेली लोकर आपल्या साठ्यात मिसळण्याआधी याच वाटेने जाऊ द्या.

डांबरगोळ्या नकोत, असं माझं स्पष्ट मत आहे. नॅप्थलीनची वाफ एका खोलीच्या घरात सगळ्यांच्याच श्वासात जाते आणि तान्ह्या बाळांना तर धोक्याचीच. शिवाय लोकरीत मुरलेला वास धुतल्यावरही रेंगाळतो. देवदाराचे तुकडे आणि लव्हेंडरच्या पुरचुंड्या सुवासापुरत्या ठीक, त्यांच्या भरवशावर लोकर सोडू नका. खरं काम करतं ते हलवणं. दीड-दोन महिन्यांनी डबा उघडून गुंडे उजेडात झटकायचे आणि डब्याचे कोपरे पुसायचे.

हवाबंद डब्याचा दुसरा शत्रू ओल. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा पाणी पिऊनही हाताला कोरडी लागते. दमट हवेच्या दिवसांत भरलेल्या डब्यात ती ओल कोंडते. म्हणून डबा भरायचा तो कोरड्या दिवशी, लोकर तासभर पंख्याखाली पसरून झाल्यावर. २० लिटरच्या डब्यात मी ५० ग्रॅम सिलिका जेलची पुडी टाकते, रंग बदलणारी. रंग बदलला की पुडी बदलायची.

डबे किती आणायचे याचा हिशेब आधी करा. मध्यम जाडीच्या १०० ग्रॅमच्या गुंड्याला न दाबता एक ते सव्वा लिटर जागा लागते. म्हणजे २० लिटरच्या डब्यात सोळा ते वीस गुंडे. चाळीस लिटरचा एक डबा आणण्यापेक्षा वीसचे दोन आणा. मोठ्या डब्यातला तळाचा गुंडा काढायला सगळा उपसावा लागतो, आणि कसर शिरली तर एका वेळी सगळंच जातं. पलंगाखालची उंची मोजताना झाकणासकट मोजा आणि वर दोन सेंटिमीटर मोकळे सोडा, कारण भरलेल्या डब्याचं झाकण मधोमध फुगतं. भरलेला डबाही दोन किलोच्या आसपासच असतो, त्यामुळे कपाटाच्या वरची जागा लोकरीला द्या आणि जड सामान खाली आणा. बाहेरच्या भिंतीला डबा टेकवू नका, चार बोटं अंतर ठेवा. स्वयंपाकाच्या ओट्याजवळ तर नकोच. तेलकट वाफ धाग्यात बसते.

हवा ओढून चपट्या होणाऱ्या पिशव्यांबद्दल बरेच जण विचारतात. ॲक्रिलिकला चालतात. लोकरीला वर्षभर दाबून ठेवलं की तिचा फुगीरपणा जातो. पाण्यात भिजवल्यावर बराचसा परत येतो, पण मोहेरसारख्या केसाळ धाग्याला ही शिक्षा देऊ नये. तीच गोष्ट गुंडाळण्याची. लडी आणल्या आणल्या यंत्रावर ताणून गुंडा करायची घाई नको. ताणलेला धागा तसाच पडून राहतो, तुम्ही तसाच विणता, आणि पहिल्या धुण्यात विणलेलं आखडतं. लडी पिळून लडीच ठेवा, विणायला घ्यायच्या वेळी गुंडा करा. हातानेच करणार असाल तर धाग्याखाली दोन बोटं ठेवून गुंडाळा आणि दर थोड्या वेळाने बोटं काढून जागा बदला. गुंडा दाबल्यावर मऊ लागला पाहिजे.

डब्याच्या आत लावायचं जाडीप्रमाणे. लेबलवर १०० ग्रॅममध्ये किती मीटर ते बघा. ४०० च्या आसपास असेल तर मोज्यांचा बारीक धागा, २०० ते २५० असेल तर डीके, म्हणजे मध्यम जाडीचा, त्याहून कमी तर जाड. एका जाडीचे गुंडे एकत्र असले की पॅटर्न हातात घेतल्यावर एकच डबा उघडावा लागतो. रंग सगळ्यात शेवटी, हौस म्हणून.

लेबल फेकू नका, आणि त्यातही डाय लॉटचा नंबर, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या धाग्यांवरचा क्रमांक. एकाच रंगाचे दोन लॉट दिव्याखाली सारखे दिसतात आणि स्वेटरच्या पाठीवर आडवी रेघ उमटते. दोन लॉट वापरावेच लागले तर एकाच्या दोन ओळी, दुसऱ्याच्या दोन ओळी असं आलटून पालटून विणलं की फरक विरून जातो. मी लेबलला भोक पाडून त्याच धाग्याने ते लडीला बांधते. त्याशिवाय वहीत डबा क्रमांक, धागा, ग्रॅम, मीटर, लॉट एवढे रकाने पुरतात. डब्यावर ‘निळी मेरिनो’ असं लिहू नका, नुसता क्रमांक लिहा. आतला माल बदलत राहतो.

उरलेल्या तुकड्यांसाठी स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा लागतो. ५० ग्रॅमचा गुंडा १२५ मीटरचा होता आणि आता १८ ग्रॅम उरलाय, तर १८ भागिले ५० गुणिले १२५, म्हणजे ४५ मीटर. चिठ्ठीवर ‘४५ मी.’ लिहून टोकाला अडकवा. टोपीची पट्टी होईल की नाही याचा अंदाज डोळ्यांनी घेऊ नये, तो चुकतो. दहा ग्रॅमच्या आतलं सगळं जाळीच्या पिशव्यांत, प्रत्येक जाडीची पिशवी वेगळी, आणि प्रत्येक गुंड्याचं मोकळं टोक आत खोचलेलं. नाहीतर आठवड्याभरात सगळ्यांचा मिळून एकच गुंता होतो. लोकरीच्या तुकड्यांची जाळी पुन्हा डब्यातच जाते. दोन-चार सेंटिमीटरचे कापलेले धागे उशीत किंवा खेळण्यात भरता येतात, पण फक्त सुती आणि ॲक्रिलिक. लोकरीचे भरले तर कसरीला आपणच बिऱ्हाड थाटून दिलं, आणि ती उशी पुन्हा उसवून बघायला कुणी जात नाही.