द्राक्ष शाबूत आहे का, ते बघायचं

1991चा जानेवारी. संक्रांत होऊन चार-आठ दिवस झाले असतील. विज्ञानाच्या बाई हातात द्राक्षांचा घड घेऊन वर्गात आल्या. चेतासंस्थेचा धडा चालू होता. विचार आणि आठवणी सांभाळणारा प्रमस्तिष्क, शरीराचा तोल राखणारा अनुमस्तिष्क, श्वास चालू ठेवणारं आणि हृदयाच्या ठोक्यांवर नियंत्रण ठेवणारं मस्तिष्कपुच्छ, तिथून पाठीच्या कण्यात उतरणारा मेरुरज्जू, हे आदल्या दिवशीच झालं होतं. मेंदूतून निघणाऱ्या चेतांच्या 12 जोड्या आणि मेरुरज्जूतून निघणाऱ्या 31, हेही पाठ झालं होतं. त्या दिवशी पाळी चेतापेशीची होती.

बाईंनी फळ्याला हात लावला नाही. "आसारी कुणाकडे आहे?" एवढंच विचारलं. दप्तरात आसारी, म्हणजे पतंगाच्या दोऱ्याची फिरकी, सापडली की ती जप्त व्हायची, त्यामुळे कुणी तोंड उघडेना. शेवटी मी माझी काढून दिली. साधाच दोरा आहे, मांजा नाही, याची त्यांनी बोटांनी चाचपून खात्री केली. मग दोऱ्याचं टोक एका द्राक्षाला बांधलं, द्राक्ष स्वतःच्या तळहातावर धरलं आणि आसारी माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "दोनशे पावलं मोजत बाहेर चालत जा."

हिशेब त्यांनी आधी आमच्याकडून करून घेतला होता. बोटातल्या स्पर्शाची बातमी वर नेणारी पेशी बोटात नसते, ती मानेपाशी, मणक्याच्या कडेला असते. मोठ्यातली मोठी धरली तरी ती मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी. तिचा तंतू मात्र तिथून थेट बोटाच्या टोकापर्यंत, पाऊण मीटर लांब. म्हणजे पेशीच्या साडेसात हजार पट. पेशी दोन सेंटिमीटरच्या द्राक्षाएवढी मानली, तर तंतू दीडशे मीटर.

मी मैदान ओलांडलं, फाटकातून बाहेर पडलो, रस्त्याने चालत राहिलो. दोनशेवं पाऊल मोजून मागे वळलो तेव्हा बाई फाटकात उभ्या होत्या आणि अख्खा वर्ग त्यांच्या मागे. मी दोरा ओढायचा आणि द्राक्ष हललं की मुलांनी ओरडायचं, असं ठरलं होतं. दोनदा ओढला, दोनदा ओरडा झाला. तिसऱ्यांदा ओढणार तेवढ्यात एका दूधवाल्याची सायकल मधून गेली आणि दोरा तुटला.

हातातला ताण एकदम गेला. माझ्या बाजूचा सगळा दोरा मातीत लोळत होता आणि मी तो ओढत होतो.

वर्गात परतल्यावर कुणीतरी विचारलं, "बाई, खरा तंतू असा तुटला तर?" बाई म्हणाल्या, "द्राक्ष शाबूत आहे का, ते बघायचं. पेशी जिवंत असेल तर हातापायात तंतू पुन्हा वाढतो. तुटलेला पलीकडचा तुकडा मरतो, त्याला धरून बसायचं नाही. मात्र मेंदूत आणि मेरुरज्जूत असं होत नाही. तिथे तुटलं की तुटलं." मग तास संपला.

जुलै 2009मध्ये पत्रा कापताना माझं उजवं मनगट आतल्या बाजूने कापलं गेलं. नाशिकच्या सातपूरला टर्नर-फिटरची कामं करून तेव्हा बारा-तेरा वर्षं झाली होती. दोन टेंडन, म्हणजे स्नायूंना हाडाशी जोडणारे बंध, आणि मीडियन नर्व्ह, म्हणजे मनगटाच्या मधून हातात जाणारी चेता, तुटली. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची फक्त अंगठ्याकडची अर्धी बाजू, एवढा भाग बधिर. एकाच बोटाची एक बाजू माझी आणि दुसरी परक्याची. ज्याने हे अनुभवलं नाही त्याला कितीही सांगितलं तरी कळायचं नाही.

डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक दोऱ्याने नर्व्ह शिवली. मी विचारलं, आता जाणीव येईल ना? ते म्हणाले, शिवलेल्या जागेतून लगेच काही येत नाही. ऑगस्टस वॉलर या शास्त्रज्ञाने 1850 साली बेडकावर दाखवून दिलं होतं तेच इथे होतं. तुटलेल्या जागेच्या पुढचा तंतू मरून विरघळतो, मागे रिकामी नळी उरते, आणि जिवंत बाजूने नवा तंतू त्या नळीत शिरून वाढत जातो. पहिले काही आठवडे थांबायचं, नंतर रोज सुमारे एक मिलिमीटर. ज्या तंतूतून स्पर्श सेकंदाला पन्नासेक मीटर धावतो, तो तंतू स्वतः दिवसाला एक मिलिमीटर चालतो. मनगटापासून तर्जनीच्या टोकापर्यंत माझं अंतर 18 सेंटिमीटर भरलं.

त्या रात्री वॉर्डात मला मातीत लोळणारा दोरा दिसत होता आणि बाईंचं वाक्य ऐकू येत होतं. मानेपाशी हात नेऊन मी स्वतःला सांगितलं, इथे काही झालेलं नाही.

पलीकडच्या खाटेवर उंचावरून पडलेला एक मुलगा होता, विशीतला. त्याला कमरेखाली काही हलवता येत नव्हतं. बाईंच्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग मी त्याच्याकडे बघून पुरता समजलो. डॉक्टरांना विचारलं, माझा वाढतो मग त्याचा का नाही? ते म्हणाले, हातापायातल्या तंतूंभोवती श्वान पेशी (श्वान हे शास्त्रज्ञाचं नाव) असतात, त्या मेलेला भाग साफ करतात आणि नव्या तंतूला वाट दाखवतात. मेरुरज्जूत तशी व्यवस्था नसते. उलट तिथल्या आवरणातली द्रव्यंच वाढ अडवतात, आणि जखमेवर वणासारखा पडदा धरतो. या प्रश्नावर जगभर काम चाललंय. त्या मुलापुरतं तरी ते लवकर व्हावं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

घरी आल्यावर दर पंधरा दिवसांनी तपासणी. डॉक्टर मनगटापासून बोटांकडे टिचक्या मारत जायचे. ज्या जागी टिचकी मारल्यावर बोटात मुंग्या यायच्या तिथवर तंतू पोचला, असं समजायचं. तिथे पेनाने खूण करायचे. गोदावरीला पाणी आलं की आपण नाशिककर पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला ते कुठवर लागलं ते विचारतो. गुडघ्याला, कमरेला, छातीला. त्या पावसाळ्यात आमच्या घरी दोन्ही चौकश्या एकदमच व्हायच्या. आई आधी मारुतीचं विचारायची, मग माझ्या तळहाताचं.

फेब्रुवारी 2010मध्ये मुंग्या तर्जनीच्या टोकाला पोचल्या आणि मी पंचवटीत बाईंच्या घरी गेलो. त्यांनी पाणीबिणी विचारायच्या आधी हात मागितला. डोळे मिटायला लावून तर्जनीला स्पर्श केला. मी म्हणालो, मधलं बोट. पुन्हा केला, पुन्हा मी मधलं बोट म्हणालो. मला रडू फुटायची वेळ आली. बाई शांत होत्या. म्हणाल्या, काही तंतू चुकीच्या नळीत शिरलेत. पण आपल्याला बोट बोटात कळत नाही, मेंदूत कळतं. उजव्या हाताची बातमी मस्तिष्कपुच्छात बाजू बदलून डाव्या मेंदूत जाते, आणि तिथे शरीराचा नकाशा असतो. विल्डर पेनफिल्ड या शल्यविशारदाने 1930च्या दशकात, शुद्धीवर असलेल्या रुग्णांच्या मेंदूला ठिकठिकाणी हलका विद्युतप्रवाह लावून तो नकाशा काढला. मेंदूला स्वतःला वेदना होत नाही, म्हणून ते शक्य झालं. त्या नकाशात अख्ख्या पाठीपेक्षा हाताला जास्त जागा आहे. "त्या जागेला नवा पत्ता शिकवावा लागेल. तुझ्या टपालाचे पत्ते बदललेत."

मग त्यांनी स्वयंपाकघरातून एका डब्यात तांदूळ आणले आणि त्यात वस्तू पुरल्या. डोळे मिटून मी पहिली वस्तू चिमटीत धरली. "गोटी," मी म्हणालो. "गोल आणि गार, इतकं बरोबर. आता दाब." मी दाबलं आणि बोटावर रस आला.

बोलताबोलता मी त्यांना सांगितलं की मेंदूत चेतापेशी दहा हजार कोटी असतात असं तुम्ही शिकवलं होतंत, पण ब्राझीलच्या संशोधकांनी मोजल्या तेव्हा त्या सुमारे 8,600 कोटी निघाल्या, आणि ते गेल्याच वर्षी प्रसिद्ध झालंय. निवृत्त होऊन त्यांना कितीतरी वर्षं झाली होती. तरी त्या उठल्या, कपाटातून टाचणांची वही काढली, जुना आकडा एका रेघेने खोडून शेजारी नवा लिहिला. वही मिटली, तांदळाचा डबा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, "मीट डोळे. पुन्हा."