मामीचं पाच गुंठ्यांचं खाचर

परवा ठाण्याला ऑफिसात जेवताना एकजण म्हणाला, गावाकडच्या बायकांना कितीही सांगा, त्या नवीन काही करायला घाबरतात. मला राग आला पण तिथे नीट बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

माझी मामी मुरबाड तालुक्यात, टोकावड्याच्या पुढे राहते. एकरभर भात. चार वर्षांपूर्वी त्यांच्या बचत गटात कृषी खात्याचा माणूस आला आणि एसआरटी म्हणजे सगुणा भात तंत्र सांगून गेला, नेरळच्या शेखर भडसावळेंनी काढलेलं. चिखलणी नाही, राब म्हणजे रोपांसाठी जमीन भाजणं नाही, लावणीच नाही. गादीवाफे एकदा करायचे, लोखंडी साच्याने भोकं पाडून त्यात दाणे टोकायचे, कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची आणि पुढच्या वर्षी नांगरायचंही नाही. जिने आयुष्यभर जुलैत दिवसदिवस चिखलात वाकून लावणी केली ती तर लगेच हो म्हणेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "बघू." आणि अख्खं वर्ष नुसतं बघितलं.

मी विचारलं, मामी घाबरलीस का गं? तर बोटांवर मोजून सांगायला लागली. खाचरात पाणी उभं असलं की तण दबतं, इथे ते माजणार, मग तणनाशक आणा, पंप आणा, फवारायला माणूस शोधा, नाहीतर बेणणी म्हणजे हाताने तण उपटणं आलं आणि ती परत बायकांच्याच डोक्यावर. पुढचं मला कधी सुचलंच नसतं. लावणीला त्यांच्यात सावड असते, आज सहाजणी तुझ्या शेतात, उद्या माझ्या. "मी लावणी सोडली तर सावड सुटली बाय. आणि हे फसलं तर पुढच्या सालाला कुठल्या तोंडाने हाक मारू त्यांना?" वर सातबारा मामाच्या नावावर. पीक गेलं की तुलाच खूळ सुचलं होतं हे ऐकायचं मात्र तिने.

२०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीदारांत, म्हणजे शेताचा कारभार ज्यांच्याकडे त्यांच्यात, बायका जेमतेम १४ टक्के होत्या. जमीन नावावर नाही म्हणजे तारण नाही, कर्ज मिळताना आधी नवऱ्याची सही, मग धोका घ्यायचा तो कशाच्या जोरावर? हे न बघता भित्र्या म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

गटात ड्रोन दीदीचंही, म्हणजे बचत गटांना फवारणीचा ड्रोन देण्याच्या योजनेचंही बोलणं झालं होतं, किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख सरकार देणार. मामीने विचारलं, आमच्या एवढ्याएवढ्या खाचरांत वर्षाचे किती दिवस काम मिळेल आणि उरलेलं कर्ज कशातून फिटेल? हा प्रश्न एखाद्या बँक मॅनेजरने विचारला असता तर आपण त्याला हुशार म्हटलं असतं.

इकडे ठाणे स्टेशनजवळ पावसाळ्यात शेवळं, कुरडू, टाकळा अशा रानभाज्या घेऊन बसणारी एक मावशी आहे, तिचंही तसंच. क्यूआर कोड आला पण तो मुलाच्या खात्याचा होता, म्हणून कार्ड टोपलीखाली आणि "सुटे दे गं" चालू. स्वतःचं खातं उघडल्यावर तेच कार्ड वर आलं, आता बोलणारा डबाही आहे आणि पैसे आल्याचा आवाज ऐकल्याशिवाय ती जुडी हातात देत नाही.

तर मामीने शेवटी केलंच. पाच गुंठे, तेही रस्त्यावरून दिसणार नाही असं ओढ्याकडचं खाचर, बाकी सगळीकडे नेहमीची लावणी. सहाजणींकडे लावणीला ठरल्याप्रमाणे गेली म्हणून सावड टिकली. पहिल्या वर्षी तण खरंच माजलं, तिने आणि तिच्या सुनेने मिळून दोनदा बेणलं, भात घरच्या नेहमीच्या हिशोबाला धरून आलं आणि मुख्य म्हणजे त्या खाचरापुरती कंबर वाचली. दुसऱ्या वर्षी दहा गुंठे. यंदा गटातल्या दोघींनी तिचा साचा मागून नेला होता, त्यातल्या एकीने तो धुवून, तेल लावून परत आणून दिला आणि जाताना ओढ्याकडचं खाचर वाकून वाकून बघून गेली.