फादर स्टीफन्सच्या गावाला जाणार असाल तर फेब्रुवारीत जाऊ नका

काल रात्री अकराला घरी आलोय, पोटऱ्या भरून आल्यात, तेव्हा खालच्या मजकुरातून थोडी चिडचिड वजा करून वाचा.

झालं असं की आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकाने टाकलं, गोव्यात जाऊन मराठीत ख्रिस्तपुराण लिहिणाऱ्या इंग्रज फादर थॉमस स्टीफन्सचं गाव इंग्लंडातल्या विल्टशायरमधलं बुश्टन, स्विंडनहून बस थेट गावात सोडते आणि तिथल्या चर्चच्या रजिस्टरात त्याच्या बाप्तिस्म्याची नोंद आहे. मी रेडिंगला राहतो, स्विंडन ट्रेनने अर्धा तास. मराठीचं कौतुक करणारी त्याची ओवी शाळेत पाठ केलेली, गोव्यात ख्रिस्तपुराण जिथे छापलं ते राशोलही बघून झालेलं (मडगावहून रिक्षा, टेकडीवर सेमिनरी, मस्त आहे, त्यात सांगण्यासारखं काही नाही). म्हटलं चला.

दोन्ही गोष्टी फेका होत्या.

आधी बसचं. थेट बस मला तरी मिळाली नाही. स्विंडनहून रॉयल वूटन बॅसेटपर्यंत बस, तिथून पुढे पाचेक किलोमीटर आपले पाय. मॅपवर हिरव्या ठिपक्यांची पायवाट दिसते शेतांमधून, तास-सव्वातासाची. मला अडीच तास लागले. हा भाग खडूच्या कड्याखाली आहे, कड्यातून झिरपलेलं पाणी खाली चिकणमातीत येऊन बसतं आणि फेब्रुवारीत तिथे जे काही होतं त्याला चिखल म्हणणं म्हणजे चिखलाचा अपमान आहे. भातलावणीच्या आधीची चिखलणी बघितलीय ना, तसं, फक्त थंड. शेताच्या प्रत्येक गेटपाशी ट्रॅक्टरने राडा केलेला, एका ठिकाणी मी पाय उचलला तर पाय वर आला आणि बूट आतच राहिला, मग एका पायावर उभं राहून कुंपणाची तार धरून हाताने बूट उपसला, त्यात ग्लोव्हज गेले. ट्रेकिंगचे बूट होते, भारीतले, काही उपयोग नाही. गमबूट घाला. नसतील तर डांबरी रस्त्याने जा, पण त्याला फूटपाथ नाही, दोन्ही बाजूंना उंच झुडपांचं कुंपण आणि वळणावर गाडी आली की त्या काट्यात अंग चोरून उभं राहायचं. येताना हिंमत नव्हती, टॅक्सी बोलावली, त्याने एवढ्याशा अंतराला तीस पाउंड घेतले. चिखलाचे पाय बघून पाच वाढवले असावेत. भाडं आधी विचारा, बसल्यावर नाही.

गावात काय आहे? काही नाही. घरं आहेत, शेतं आहेत, स्टीफन्सच्या नावाची पाटीही मला दिसली नाही. चर्च बुश्टनला नाहीच, पुढे क्लिफ पायपर्डला, कड्याच्या अगदी पायथ्याशी. तिथे पेव्हस्नरची कबर आहे, इंग्लंडभरच्या इमारतींची जाडजूड पुस्तकं लिहिणारा, तो जर्मनीहून आलेला. म्हणजे बाहेरून आलेला माणूस इथे पुरलाय आणि इथून गेलेला गोव्यात.

आता रजिस्टरचं, कारण खरी फसगत तिथे आहे. इंग्लंडात चर्चनी बाप्तिस्मा-लग्न-मर्तिकाच्या नोंदी ठेवायचा हुकूम 1538चा. पण त्या सुरुवातीच्या वह्या कागदी, आणि 1598 मध्ये त्या चर्मपत्रावर उतरवायला सांगितल्या तेव्हा निदान 1558पासूनच्या तरी उतरवा असं म्हटलं, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी लोकांनी तिथूनच सुरुवात केली. स्टीफन्सचा जन्म 1549च्या आसपासचा. बसला बरोबर खड्ड्यात. आणि गावाचं नावसुद्धा जुन्या पुस्तकांत ‘बुलस्टन’ असं आहे, ते म्हणजे बुश्टन हे नंतर लावलेलं. गोव्याच्या कागदांत तर तो कुठे एस्तेव्हाव, कुठे बुस्टन, म्हणजे गावाचंच आडनाव झालं. शोधताना स्टीफन्स, स्टीव्हन्स सगळी स्पेलिंग टाकून बघा.

कागद बघायचेच असतील तर चिप्पनहॅमला विल्टशायर अँड स्विंडन हिस्ट्री सेंटर आहे, स्टेशनपासून चालत. मी आदल्या आठवड्यात गेलो होतो, चांगलं आहे, फुकट आहे. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा न्या, पेन्सिल न्या, उघडं कधी असतं ते आधी बघून जा. सॉल्झबरी धर्मप्रांताची एक लाखाहून जास्त मृत्युपत्रं तिथे आहेत. पण सोळाव्या शतकातलं हस्ताक्षर वाचता येत नसेल तर पहिला दिवस एकेका अक्षराशी झटापट करण्यातच जातो, माझा गेला. आणि फार आशा ठेवू नका. हा माणूस कॅथलिक, राज्य प्रोटेस्टंट एलिझाबेथचं, मित्र थॉमस पाउंडबरोबर त्याचा नोकर बनून देशभर लपतछपत फिरला, पाउंड पकडला गेला आणि हा एकटा रोमला जाऊन 1575 मध्ये जेझुइट, म्हणजे त्या कॅथलिक संघाचा, झाला. असल्या मुलाबद्दल घरचे लिहून कशाला ठेवतील.

म्हणून माझं स्पष्ट मत, घरचे खरे कागद म्हणजे त्याची पत्रं आणि ती गावात नाहीत, छापलेली आहेत. त्यातलं मुख्य, गोव्याला पोचल्यावर 10 नोव्हेंबर 1579ला त्याने बापाला लिहिलेलं पत्र. 4 एप्रिलला लिस्बन सोडलं, 24 ऑक्टोबरला गोवा. जहाजावर दीडशेच्या आसपास आजारी पडले, हिरड्या सुजून, त्यातले सत्तावीस गेले, आणि लिहितो काय, तर इतर वेळच्या मानाने हे काही फार नाही. बापाला धीर देतोय की घाबरवतोय कळत नाही. बाप लंडनचा व्यापारी, म्हणजे पत्र बुश्टनला आलंच नसणार. हे मी निघायच्या आधी वाचलं असतं तर बूट वाचले असते.

संध्याकाळी स्विंडनला मडगावच्या मित्राकडे गेलो. स्विंडनमध्ये गोंयकार भरपूर, पोर्तुगीज पासपोर्टवर आलेले. स्टीफन्स पोर्तुगीज जहाजाने तिकडे गेला, हे पोर्तुगीज पासपोर्टवर इकडे, मध्ये चारशे वर्षं. माझी पॅन्ट बघून मित्र म्हणाला, पिसो जालो काय? (वेडा झालास काय?) जेवताना मी 1583 मध्ये त्याने भावाला लिहिलेलं पत्र मोबाइलवरून वाचून दाखवलं, मूळ लॅटिन, भाषांतर मिळतं. त्यात माडाचं वर्णन आहे, तेल, ताडी, गूळ, व्हिनेगर, काथ्याचा दोर, शाकारायला झावळ्या. मित्राची आई बोटं मोजत ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, खराटा राहिला.